पोरगं सध्या काय करायलंय?

मुदखेडात दोन गोष्टींचा तुटवडा कधी पडलेला नाही. एक, गाडीची वाट पाहणारी माणसं. आणि दोन, दुसऱ्याच्या मुलाचं पुढं काय होणार हे सांगणारी माणसं. बऱ्याचदा ही दोन्ही माणसं एकच असतात. गाव जंक्शनचं. एक रूळ नांदेडकडं जातो, एक उमरी-धर्माबादवरून निजामाबादकडं आणि एक भोकर-किनवटवरून आदिलाबादकडं. रुळांना तीन दिशा. पण आमच्या पोरांना मात्र दोनच. डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर. तिसऱ्या दिशेला निघालेल्या पोराला गाव सिग्नल देत नाही. आउटरला उभं करून ठेवतं.

आमचा पुतण्या गेली काही वर्षं असा आउटरला उभा आहे. त्याचा गुन्हा तिहेरी आहे. पहिला, तो इंजिनिअर झाला आणि तरीही नोकरीला लागला नाही, संगणकशास्त्रात पीएच.डी. करत बसला. दुसरा, त्याचं संशोधन कोणाला दिसत नाही. संशोधन म्हटलं की काचेच्या नळ्या हव्यात, त्यातून जांभळा धूर निघायला हवा, निदान पांढरा कोट तरी हवा. हा संगणकाचा विद्यार्थी, आणि याच्या टेबलावर काय? पाठकोरे कागद आणि शिसपेन्सिल! आणि तिसरा गुन्हा सर्वांत गंभीर. हा पंचविशीतला, दाढी आलेला मनुष्य सुट्टीवर घरी आला की रात्र रात्र जागून कोडी सोडवतो. त्याला म्हणतात कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग.

हा शब्द आमच्या गल्लीत आला तेव्हा त्याचं मोठं स्वागत झालं. 'कॉम्पिटिटिव्ह' म्हणजे मराठवाड्यात एकच, स्पर्धा परीक्षा. आमच्या शेजारी एक निवृत्त नायब तहसीलदार राहतात. त्यांनी ओट्यावरूनच चौकशी केली.

"मंग यूपीएससी करायलाय म्हना की!"

"नाही साहेब, प्रोग्रॅमिंगची स्पर्धा असते ती."

"हाव, पर जिंकल्यावर कलेक्टर व्हते का?"

"नाही."

"निदान फौजदार?"

"नाही साहेब. फुगा मिळतो."

साहेब घरात गेले. दोन दिवस ओट्यावर आले नाहीत.

पण फुग्याची गोष्ट खोटी नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची प्रोग्रॅमिंगची एक जागतिक स्पर्धा आहे, आयसीपीसी. टेक्सासमधल्या एका विद्यापीठात १९७० साली तिचं बीज पडलं आणि १९७७ पासून तिची अंतिम फेरी होते. तीन विद्यार्थी, एक संगणक, पाच तास आणि डझनभर कोडी. कोडं वाचायचं, रीत शोधायची, संगणकाला समजेल अशा भाषेत लिहायची आणि पाठवायची. पलीकडे माणूस नसतोच. एक यंत्र तुमच्या प्रोग्रॅमला शेकडो उदाहरणं घालून बघतं. सगळी बरोबर आली तर त्या कोड्याच्या रंगाचा फुगा तुमच्या टेबलाला बांधतात. एकही चुकलं, तर यंत्र दोन शब्दांत सांगतं, 'राँग आन्सर'. कुठं चुकलं, का चुकलं, काही नाही. उत्तर बरोबर, पण वेळ जास्त लागला, तरी नापास. आणि सुटलेल्या कोड्यापायी आधी जितके चुकीचे प्रयत्न झाले असतील, तितके वेळा वीस वीस मिनिटांचा दंड.

आता मला सांगा, असा परीक्षक आपल्याकडं दुसरा कुठं आहे? तो आडनाव विचारत नाही. गाव विचारत नाही. इंग्रजी बोलताना तुम्ही 'स्कूल'चं 'इस्कूल' केलंत तर हसत नाही. तुमचे मामा जिल्हा परिषदेत आहेत हे त्याला सांगता येत नाही, आणि सांगितलंत तरी तो म्हणणार, 'राँग आन्सर'! मुदखेडच्या पोराला आणि मॉस्कोच्या पोराला तो एकाच काट्यावर तोलतो. ज्या मुलखात जातीचा दाखला काढायलाही चार खेटे पडतात, त्या मुलखातल्या पोराला या यंत्राचा लळा लागला, तर त्याला वेडं ठरवणाऱ्यांचीच मला काळजी वाटते.

"पर ह्यो खेळच की!" हा पुढचा आक्षेप. तो मांडणारे गृहस्थ रोज दुपारी तीन ते सहा रमी खेळतात, त्यामुळे खेळाबद्दल त्यांचा अधिकार मला मान्य आहे. खेळच आहे. आणि आमच्या महाराष्ट्राला हा खेळ काल-परवा लागलेला नाही.

देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत एक गणिताचे मास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. आकड्यांचा नाद एवढा, की लोकांनी त्यांना विद्वान म्हणण्याऐवजी विक्षिप्त म्हणणं जास्त सोयीचं मानलं. १९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. कोणताही चार आकडी अंक घ्या. फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. ज्या साली हे सापडलं ते १९४९ सालच घेऊन बघा. ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. मग ५९९४, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुढं कितीही वजाबाक्या करा, गाडी हलत नाही.

त्यांच्या आणखी काही संख्यांना 'डेम्लो' संख्या म्हणतात. १२१, १२३२१, १२३४३२१ ही त्यातली देखणी भावंडं. डेम्लो हे कोणा ग्रीक पंडिताचं नाव नव्हे. ते डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. त्या स्टेशनवर मास्तरांना ही कल्पना सुचली. स्टेशनावर ताटकळत असंख्य माणसं उभी राहिली, पण संख्या एकालाच सुचल्या. बाकीच्यांनी बहुधा शेजारच्याला 'तुमचा मुलगा काय करतो?' असं विचारलं असावं.

मास्तरांना त्या काळी कोणी 'पॅकेज किती?' असं विचारलं नाही, कारण तो शब्द तेव्हा बिस्किटाच्या पुड्यालाही लागू झाला नव्हता. पण 'याचा उपयोग काय?' हे मात्र विचारणारे होतेच. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा आमच्याकडं शोध सुरू झाला, की हे कापरेकर म्हणजे आपल्याकडचेच का?

त्याच्याही मागं जा. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. तीत भुंग्यांचं एक गणित आहे. भुंग्यांच्या थव्यातल्या निम्म्यांचं वर्गमूळ मालतीच्या फुलांकडं गेलं, सबंध थव्याचे आठ नवमांशही पाठोपाठ गेले, आणि एक जोडपं मागं राहिलं. तर भुंगे किती? उत्तर बहात्तर. आता हे सरळ 'क्ष काढा' म्हणून विचारता आलं असतं. पण आचार्यांना ठाऊक होतं, की कोडं गोष्टीचे कपडे घालून आलं की पोरगं दार उघडतं. मुंबईच्या एका कंपनीने २००९ साली 'कोडशेफ' नावाच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यातल्या कोड्यांत भुंग्याऐवजी एक आचारी असतो, एवढाच काय तो साडेआठशे वर्षांतला फरक.

आणि हे सगळं दूर कुठं घडलं असंही नाही. नांदेडहून परभणी, परभणीहून मानवत रोड, तिथून जवळच पाथरी. जुनं नाव पार्थपूर. तिथं ज्ञानराज नावाचे ज्योतिषी-गणिती होऊन गेले. त्यांचे चिरंजीव सूर्यदास. या सूर्यदासांनी १५४१ साली लीलावतीवर टीका लिहिली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून 'रामकृष्णविलोमकाव्य' रचलं. त्यातला श्लोक सुलटा वाचला की रामाची कथा, अक्षरागणिक उलटा वाचला की कृष्णाची! उलट-सुलट वाचण्याची कोडी आमचा पुतण्या रात्री दोन वाजता सोडवतो, तेव्हा तो अमेरिकेची नक्कल करत नसतो. पाथरीची करत असतो. पाथरीच्या ओट्यावरही तेव्हा एखादे निवृत्त कारकून असतीलच. 'ज्ञानराजाचं पोरगं सध्या काय करायलंय?' 'श्लोक उलटे वाचायलंय.' 'अरेरे!'

पण माझं भांडण खेळाला खेळ म्हणणाऱ्यांशी नाही. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे, आणि ती गोष्ट जरा जड आहे. म्हणून वाचकांनी चहा घ्यावा आणि पुढं वाचावं.

जगात प्रश्न तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या पाठीमागं छापलेलं असतं. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला उत्तर असतं, पण ते तुम्हाला कोणी सांगत नाही. आपलं आपण शोधावं लागतं. आणि तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला उत्तर आहे की नाही, हेच कोणाला ठाऊक नसतं. पहिल्या प्रकाराला परीक्षा म्हणतात, दुसऱ्याला कोडं म्हणतात, आणि तिसऱ्याला संशोधन.

आम्ही मराठवाड्याच्या लोकांनी पहिल्या प्रकारावर असं काही प्रभुत्व मिळवलं, की उभा महाराष्ट्र तोंडात बोट घालून बघत राहिला. लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लातूरचे आमचे व्याही घरी येणं बंद करतील. दुष्काळी मुलखातल्या, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पोरांना त्याने मेडिकलच्या दारात नेऊन उभं केलं. पुण्या-मुंबईच्या मक्तेदारीला धक्का दिला. हे लहान काम नव्हे. पण कोणतंही औषध जेवणाऐवजी चालू केलं की काय होतं? तेच झालं. लातूर झालं, नांदेड झालं. गल्लोगल्ली अभ्यासिका, खोलीत चार खाटा, भिंतीवर सूत्रं, डब्यात थंड पोळी, आणि वर्षभर एकच काम: आधी विचारलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे. ज्या प्रश्नाला चार पर्याय नाहीत, तो प्रश्नच नाही, अशी पोरांची खात्री झालेली. पर्याय क्रमांक पाच म्हणजे 'मला अजून सापडलं नाही'. तो उत्तरपत्रिकेत नाही. आणि तोच पर्याय घेऊन जो जगतो, त्याला आम्ही म्हणतो, पोरगं वाया गेलं!

एका पोराने हजार प्रश्न एका मिनिटाला एक या वेगाने सोडवले, तर आम्ही त्याचा फोटो चौकात फ्लेक्सवर लावतो. दुसऱ्या पोराने एका प्रश्नावर हजार दिवस घालवले, तर त्याच्या बापाचं सांत्वन करायला जातो.

आता पुतण्याचा प्रश्न सांगतो. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या आल्या, की एकीने लूपलाइनवर थांबायचं आणि दुसरीने पुढं जायचं. हे क्रॉसिंग मुदखेडात शिकवावं लागत नाही. त्यात आमच्या दोन पिढ्यांचं तारुण्य गेलं. कोणी थांबायचं, हा निर्णय एका क्रॉसिंगपुरता सोपा आहे. पण दिवसभरात अशी वीस क्रॉसिंग असतील, तर थांबवण्याच्या तऱ्हा होतात दहा लाखांवर. चाळीस असतील, तर एक लाख कोटींवर! त्यातली कमीत कमी खोळंब्याची तऱ्हा कोणती? सगळ्या तपासत बसलं तर गाडी सुटेल, हंगाम जाईल, सरकार पडेल. झटपट शोधण्याची हमखास रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. आणि ती असूच शकत नाही, हेही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. या जातीच्या प्रश्नांची मूळ गाठ सोडवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ, असं अमेरिकेतल्या क्ले संस्थेने २००० साली जाहीर केलं. पैसे अजून तसेच पडून आहेत. (हे मी शेटजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी पुतण्याची प्रथमच आस्थेने चौकशी केली.)

मग संशोधक काय करतात? ते म्हणतात, सर्वोत्तम वेळापत्रक झटपट सापडत नाही ना, मग ठीक आहे. पण जे सापडेल ते सर्वोत्तमाच्या दुपटीपेक्षा वाईट असणार नाही, अशी लेखी हमी देणारी रीत आम्ही काढतो. पुतण्याच्या प्रश्नात ही हमी दोनपट होती. दोन वर्षं झटून त्याने ती १.९ पटीवर आणली. नायब तहसीलदारसाहेबांना हे कळलं, तेव्हा ते सुन्न झाले.

"दोन वर्सात पॉइंट एक?"

"होय."

"आन् म्हैन्याला किती मिळते?"

"सदतीस हजार. सरकारी शिष्यवृत्ती आहे."

"म्हंजे पॉइंट एकला जवळजवळ नऊ लाख!"

साहेबांचा हिशेब पक्का होता. महसूल खात्यात आयुष्य गेलं होतं. मी म्हटलं, साहेब, त्या पॉइंट एकपाशी पोचायला माणसाला जिथून जावं लागतं, तिथं आधी कोणी गेलेलं नसतं. ते म्हणाले, "कामून जावं मंग?"

कामून जावं, याचं एक उत्तर आपल्याच माणसानं देऊन ठेवलेलं आहे. नरेंद्र करमरकर, ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. १९७८ साली आयआयटी मुंबईतून बाहेर पडले, बर्कलेला रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. विमानं, टेलिफोनच्या तारा, कारखान्यांतला माल यांच्या नियोजनाची मोठाली गणितं सोडवायला १९४७ पासून डँटझिगची रीत वापरत. ती रीत म्हणजे गावाच्या वेशीवरून कडेकडेने, कोपरा कोपरा करत जाणं. करमरकरांनी १९८४ साली, बेल प्रयोगशाळेत असताना, गावातून मधूनच वाट काढली. त्या नोव्हेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. पण त्याच्या आदल्या वर्षी, पीएच.डी.चा प्रबंध लिहीत असताना ते मुदखेडला आले असते, तर? ओट्यावरून एकच प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाला त्यांच्याकडंही उत्तर नसतं.

आता थोडं पुतण्याच्या गोटातल्या लोकांनाही सुनावतो. नाहीतर मी घरच्या माणसाची वकिली करतो म्हणाल. कोड्यांच्या या खेळाला आता बाजाराची हवा लागली आहे. मोठ्या कंपन्या मुलाखतीत कोडी विचारतात. मग कोड्यांचे गाइड निघाले, कोड्यांचे क्लास निघाले, 'हमखास येणारी कोडी' निघाली. म्हणजे दुसऱ्या प्रकारचा प्रश्न ओढून पुन्हा पहिल्या प्रकारात आणला. या कामी आम्ही लोक वाकबगार! स्पर्धकांना गुणांप्रमाणे रंग मिळतात: करडा, हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी, लाल. निळ्याचा जांभळा होण्यासाठी झोप घालवणारी, आणि जांभळ्याचा पुन्हा निळा झाला म्हणून जेवण सोडणारी पोरंही आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो, बाबांनो, रंगच हवा असेल तर रंगपंचमीला गावी या.

आणि शेवटचा आक्षेप ताजा आहे. तो पुतण्याच्या वडिलांनीच, म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंनी काढला. २०२५ च्या सप्टेंबरात बाकू शहरात आयसीपीसीची अंतिम फेरी झाली. तीच बारा कोडी यंत्रांनाही घातली होती. गूगलच्या यंत्राने दहा सोडवली, ओपन-एआयच्या यंत्राने बाराच्या बारा. बंधूंनी मोबाइल पुढं केला आणि म्हणाले, "दादा, आता तर मशीनच सोडवायलंय. मंग ह्यानं कशाला जागायचं?" त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. दोन एकर गुलाब लावून, पहाटे तोडून, नांदेडच्या बाजारात नेऊन ज्याने पोराला शिकवलं, त्याला हे विचारण्याचा हक्क आहे. म्हणून त्यांना मी चेष्टेत उत्तर दिलं नाही. म्हटलं, "पंढरपूरला रेल्वे जाऊन किती वर्षं झाली? वारी बंद पडली का?"

बंधू दरवर्षी वारीला जातात. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

उत्तर यंत्राला आलं, म्हणजे ते आपल्याला आलं असं होत नाही. शिवाय ती बारा कोडी होती, दुसऱ्या प्रकारची. ती घालणाऱ्याकडं त्यांची उत्तरं होती. तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नापुढं यंत्रही बसेल, माणूसही बसेल. पण प्रश्न कोणता घ्यायचा, हे ठरवायला कोणीतरी बरीच वर्षं न सुटणाऱ्या प्रश्नाच्या सोबतीत काढलेली असावी लागतात. ती सवय आमच्या अभ्यासिकांत लागत नाही. ती लागते रात्री दोन वाजता, अठराव्या 'राँग आन्सर'नंतर, पाठकोऱ्या कागदावर.

चाळीसगावजवळ पाटणे इथं १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला मिळालेल्या देणग्या त्यात कोरल्या आहेत. आणि त्यातला शेवटचा भाग चक्क मराठीत आहे. बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला. तेलाचे जितके घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागं पळी पळी तेल मठाला. म्हणजे भुंगे बहात्तर कसे होतात हे पोरांना कळावं, म्हणून गावातला तेली पळीभर तेल देत होता. 'बहात्तर भुंग्यांचा मला उपयोग काय?' असं त्याने विचारल्याचं शिलालेखात तरी दिसत नाही.

मी तेल मागत नाही. मुदखेडच्या फुलबाजाराने दर टोपलीमागं एक गुलाब संशोधकांना द्यावा, असंही माझं म्हणणं नाही. मागणी एकच, आणि बिनखर्चाची. गावात असं एखादं पोरगं सुट्टीवर आलं, तर त्याला 'पॅकेज किती?' आणि 'कधी संपणार?' हे दोन प्रश्न विचारू नका. विचारायचंच असेल तर विचारा, "काय रे, कुठं अडलंय?" ते सांगेल. तुम्हाला कळणार नाही. पण सांगता सांगता एखाद्या वेळी त्याचं त्यालाच सुटेल, असं पुतण्या म्हणतो.

नायब तहसीलदारसाहेबांना मी हे सुचवून पाहिलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी पेन मागितलं, आपलं जन्मसाल पेपरच्या कडेला लिहिलं आणि आकडे उलट-सुलट लावून वजाबाकी करू लागले. तिसऱ्या पायरीला हातचा विसरले. मी म्हटलं, "राँग आन्सर." त्यांनी मान वर न करता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.